चौदा महिन्यांनी आलेला मेसेज आणि राहिलेलं बिल

ताई,

मी लालबागला राहते. नोकरी सोडल्यापासून घरूनच पॅकेजिंग डिझाइनची कामं घेते. ठाण्याच्या एका फराळ विकणाऱ्या कंपनीसाठी मी पाच पाऊच केले होते. तीन पाऊचचे २७,००० रुपये वेळेवर आले. चकली आणि शंकरपाळी या दोन पाऊचचं १८,००० रुपयांचं बिल राहिलं. सुरुवातीला ‘अकाउंट्सला पाठवलंय’ असं उत्तर यायचं, मग तेही बंद झालं. फोन उचलत नव्हते, मेसेजवर निळे टिक यायचे आणि पुढे काही नाही. शेवटी मी नाद सोडला. काम आवडलं नसेल, असंच मनात बसलं.

चौदा महिन्यांनी, परवा रात्री साडेदहाला त्यांचाच मेसेज आला: ‘हाय, कशी आहेस? दिवाळीसाठी जुन्या पाऊचमध्ये छोटेसे चेंजेस आहेत, दोन नवे पण करायचेत. जुन्या सगळ्या ओपन फाइल्स पाठवून ठेव ना. उद्या फोनवर बोलूया?’ बिलाबद्दल चकार शब्द नाही. आई म्हणते, चालून आलेल्या लक्ष्मीला नाही म्हणू नकोस. भाऊ म्हणतो, सरळ ब्लॉक कर. मला कामाची गरज आहे आणि रागही तेवढाच आलाय. काय उत्तर देऊ? आधी काम सुरू करून, थोडा विश्वास बसल्यावर जुन्या बिलाचा विषय काढला तर चालेल का?

— पॅकेजिंगवाली, लालबाग

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यावर ठरणार आहे. नाही, चालणार नाही. जुन्या बिलाचा विषय पहिल्याच उत्तरात काढायचा. तू अजून काहीही पाठवलेलं नाहीस, कशालाही हो म्हटलेलं नाहीस आणि गरज त्यांना आहे. चौदा महिन्यांत तुझं पारडं पहिल्यांदाच जड झालंय. एकदा काम सुरू झालं, पहिला ड्राफ्ट गेला, छपाईची तारीख ठरली, की एकाऐवजी दोन बिलं त्यांच्याकडे अडकलेली असतील आणि मग १८,००० चा विषय काढताना तुझीच जीभ अडखळेल. ‘आत्ता कुठे सुरळीत होतंय, कशाला वाद’ असं वाटत वाटत दिवाळी निघून जाते. हे मी फार जणींच्या बाबतीत बघितलंय.

तुझं पारडं किती जड आहे, याची तुला पूर्ण कल्पना नसावी असं पत्र वाचून वाटलं. म्हणून तुझ्याच धंद्यातली गोष्ट जरा उलगडून सांगते. त्यांचे पाऊच कशावर छापले जातात ते आधी आठव. फराळाचे लॅमिनेटेड पाऊच मोठ्या संख्येने छापायचे तर बहुतेक ग्रॅव्ह्युअरवर, म्हणजे कोरलेल्या सिलेंडरच्या छपाईवर, छापतात, आणि तिथे प्रत्येक रंगाला एक वेगळा सिलेंडर कोरलेला असतो. हा खर्च एकदाच, पण चांगलाच मोठा असतो. आता त्यांना वजन, किंमत, पत्ता असा काळ्या रंगातला मजकूरच बदलायचा असेल, तर फक्त काळ्याचा सिलेंडर नवा कोरून भागतं. अट एकच: बाकीचं आर्टवर्क तंतोतंत तेच हवं. डायलाइन, म्हणजे पाऊच कापायच्या-दुमडायच्या रेषा, त्याच, रंगांची विभागणी तीच, रंग एकमेकांवर बरोबर बसवायच्या खुणा त्याच जागी. हे सगळं तुझ्या ओपन फाइलमध्ये, म्हणजे बदल करता येणाऱ्या मूळ फाइलमध्ये, आहे. दुसऱ्या कुणाकडे गेले तर त्याला जुन्या पाऊचचा फोटो किंवा पीडीएफ बघून सगळं पुन्हा उभं करावं लागेल, ते केसभर जरी सरकलं तरी सगळे सिलेंडर नवे. दिवाळीच्या तोंडावर हा खर्च आणि एवढा वेळ कुणालाच नको असतो. त्यांच्या ‘छोट्याशा चेंजेस’साठी चौदा महिन्यांनी तुझा नंबर शोधला गेला, त्याचं हे एक कारण असण्याची शक्यता दाट आहे. माल डिजिटल छपाईवर थोडा थोडा काढत असतील तर सिलेंडरचा मुद्दा राहत नाही, पण सगळं नव्याने उभं करण्याचा त्रास राहतोच. म्हणून फोनवर साधेपणाने विचारून घे: ‘सिलेंडर तेच वापरायचेत का?’ उत्तरावरून तुला बरंच कळेल.

आता त्या शांततेबद्दल. मी बरीच वर्षं एका जाहिरात संस्थेत प्रॉडक्शन बघायचे आणि व्हेंडरची बिलं माझ्या टेबलावरून पुढे जायची. बिल मरतं कसं ते मी जवळून पाहिलंय. ज्याने काम दिलं तो माणूस नोकरी सोडून जातो आणि त्याच्या जागी आलेल्याला ते काम कुणी सांगितलं होतं हेच माहीत नसतं. बिलावर पीओ (परचेस ऑर्डर) नंबर नसतो म्हणून अकाउंट्सवाला ते बाजूच्या ट्रेमध्ये ठेवतो. मार्च संपताना ज्या बिलांना कुणी वाली नसतो ती पुढच्या वर्षात ढकलली जातात आणि पुढच्या वर्षी त्यांची आठवण फक्त पाठवणाऱ्याला असते. काही मालक मुद्दामही लांबवतात, हेही खरं आहे. घरून काम करणारी बाई कोर्टात जाणार नाही, असा त्यांचा हिशोब असतो. पण काम आवडलं नाही म्हणून पैसे थांबले, असं फार कमी वेळा घडतं. आवडलं नसतं तर तेव्हाच पन्नास करेक्शन्स आली असती. आणि ज्याला काम आवडलं नाही तो माणूस त्याच पाऊचवर नवी दिवाळी काढायला परत येत नाही. चौदा महिने तू स्वतःच्या कामावर जो संशय घेत बसलीस, तो आज सोडून दे. मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात जास्त लागलं ते तेच वाक्य.

उत्तर देण्याआधी दोन गोष्टी कर. पहिली, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर जाऊन तुझा २६एएस, म्हणजे तुझ्या पॅनवर कुणी किती टीडीएस (पैसे देणाऱ्याने कापून भरलेला कर) भरला त्याचा तक्ता, उघड आणि ज्या वर्षी बिल दिलं होतंस त्या वर्षाचं पान बघ. टीडीएस कधी कापायचा याचा नियम असा आहे की पैसे देताना किंवा बिल हिशोबात तुझ्या नावे जमा दाखवताना, यातलं जे आधी होईल तेव्हा. म्हणजे कंपनीने पैसे दिले नसले तरी वह्यांमध्ये बिल घेतलं असेल, तर त्यावरचा टीडीएस तुझ्या पॅनवर दिसू शकतो. समज, त्यांच्या नावापुढे २७,००० ऐवजी ४५,००० रुपये दिसले, तर चकली-शंकरपाळीचं बिल त्यांनी स्वीकारून खर्चात धरलंय, याचा सरकारी कागद तुझ्या हातात आला. मग ‘बिल मिळालंच नाही’ हा विषयच संपतो. नोंद दिसली नाही तर घाबरू नको. त्याने तुझं बिल खोटं ठरत नाही. रक्कम मर्यादेखाली असली तर टीडीएस कापलाही जात नाही.

दुसरी, जवळच्या दुकानात जाऊन त्यांची चकली आणि शंकरपाळी मिळते का बघ. लालबागला राहतेस, चिवडा गल्लीपासून परळपर्यंत फराळाच्या दुकानांची कमी नाही. नाही मिळाली तर ऑनलाइन बघ. तू केलेला पाऊच विक्रीला असेल तर एक पाकीट विकत घे, पावती घे, आणि पाकिटावरच्या पॅकिंगच्या तारखेचा स्पष्ट फोटो काढ. जुन्या चॅटमधला ‘फायनल आहे, प्रिंटला पाठवतोय’ असा मेसेज सापडला तर त्याचाही स्क्रीनशॉट काढून ठेव. हे सगळं लगेच त्यांच्या तोंडावर मारायचं नाही. जवळ असू दे.

उत्तर लेखी दे, फोनच्या आधी. रात्री साडेदहाच्या मेसेजला सकाळी दहा-अकराला उत्तर गेलं तर छान. त्यांनाही कळू दे वाट बघणं काय असतं, म्हणून चार दिवस लटकवून ठेवायचा मोह होईल. तो टाळ, दिवाळीचे दिवस तुझेही जातात. ‘बऱ्याच दिवसांनी आठवण आली’ असला टोमणाही नको, कारण टोमण्याला उत्तर म्हणून ‘अगं सॉरी, खूप गडबड होती’ एवढंच येतं आणि बिलाचा विषय माफीत वाहून जातो. असं काहीतरी लिही:

‘नमस्कार सर. मेसेज मिळाला, दिवाळीचं काम करायला आवडेल. त्याआधी एक जुनी गोष्ट मार्गी लावूया. चकली आणि शंकरपाळी पाऊचचं १८,००० रुपयांचं बिल अजून यायचं आहे. बिलाची प्रत आणि बँकेचे तपशील सोबत पुन्हा पाठवतेय. ते जमा झालं की त्याच दिवशी जुन्या पाऊचमधले बदल आणि दोन नवे पाऊच यांचं कोटेशन पाठवते. सध्या बिल पास करण्याचं काम कोण बघतं, त्यांचा ईमेल कळवाल का? म्हणजे त्यांनाही पाठवून ठेवते.’

एवढंच. शेवटचा प्रश्न वगळू नकोस. कंपनीत आता कोण आहे, मधल्या काळात काय बदललं, हे ‘तुम्ही गायब का झालात’ विचारून कळत नाही, ते या प्रश्नातून कळतं. ‘आता अकाउंट्स माझी बायको बघते’ असं उत्तर आलं तर अर्धी गोष्ट तिथेच उलगडली. दुसरं म्हणजे, त्यांच्याकडून ‘हो, तेवढं बाकी आहे’ असं ईमेलवर आलं तर ते जपून ठेव. थकलेल्या पैशांसाठी दावा लावायला कायद्याने साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि ती संपायच्या आत समोरच्याने देणं लेखी मान्य केलं तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते.

आता ते काय म्हणतील ते बघू. पैसे लगेच आले, तर विषय संपला, मागचं उगाळू नकोस. ‘अगं, ते नव्या बिलात अ‍ॅड कर ना, एकदमच देतो’ असं आलं, आणि माझा अंदाज आहे की हेच येईल, तर इथे ठाम राहा. ऐकायला सोपं वाटतं, पण त्याचा अर्थ असा होतो की केलेल्या कामाचे पैसे न केलेल्या कामाला बांधले गेले. नवं काम लांबलं की जुनंही लांबतं, नव्यात करेक्शनवरून वाद झाला की जुनंही अडकतं आणि शेवटी ‘सगळं मिळून पस्तीस करूया’ अशी घासाघीस होते. उत्तर दे: ‘सर, दोन्ही वेगवेगळ्या वर्षांची बिलं आहेत, हिशोबाला वेगळीच ठेवूया.’ खरोखर हात तंगीत असेल आणि ते तसं मोकळेपणाने म्हणाले, तर निम्मे आज आणि उरलेले कामाच्या अ‍ॅडव्हान्ससोबत, असं मी मान्य केलं असतं. मात्र तारखा ईमेलवर हव्यात आणि पहिले ९,००० आल्याशिवाय तू इलस्ट्रेटर उघडायचं नाही.

‘ते दोन पाऊच आम्ही वापरलेच नाहीत’ असंही म्हणू शकतात. तेव्हा दुकानातलं ते पाकीट कामी येईल. आणि खरंच वापरले नसतील तरी त्यांनी फायनल म्हणून पसंत केलं होतं, तर पूर्ण पैसे तुझे आहेत. माल बाजारात आणायचा की नाही हा त्यांचा निर्णय, त्यात तुझा काय संबंध? पसंतीच्या आधीच काम अर्धवट थांबलं असतं तर मी तडजोड कर म्हटलं असतं. तुझ्या पत्रावरून तसं दिसत नाही.

ओपन फाइल्स. ‘पाठवून ठेव ना’ इतक्या सहज मागितल्यात की तुझा हात लगेच शेअर लिंककडे जाईल. थांब. बिल येईपर्यंत एकही ओपन फाइल जाता कामा नये. सिलेंडरचं सगळं गणित त्या फाइल्समध्येच आहे. बिल आल्यावरही ती वेगळी गोष्ट आहे आणि तिची वेगळी किंमत असते. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, नोकरीत नसलेल्या माणसाने केलेल्या कामाचा हक्क सर्वसाधारणपणे त्याचाच राहतो आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. पैसे घेऊन काढून दिलेले फोटो, चित्रं, पोर्ट्रेट यांना नियम वेगळा आहे, म्हणून पाऊचवर एखादं चित्र त्यांनी मुद्दाम काढून घेतलं असेल तर तेवढं तपासून घे. पण या कलमाची भीती त्यांना दाखवू नकोस. कोटेशनमध्ये एक साधी ओळ टाक: छपाईयोग्य फाइल कामाच्या दरात, ओपन फाइल हवी असल्यास इतके रुपये जास्त. द्यायच्या वेळी फॉन्ट आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, दे. तू विकत घेतलेल्या फॉन्टचं आणि स्टॉक फोटोचं लायसन्स तुझ्या नावावर असतं, ते असं पुढे देता येत नाही.

‘छोटेसे चेंजेस’ याही शब्दांवर विश्वास ठेवू नकोस. चौदा महिन्यांत पाकिटाच्या मागच्या बाजूला बरंच बदललेलं असू शकतं. एफएसएसएआयचा १४ आकडी लायसन्स नंबर तोच आहे का? माल आता कुठे बनतो? घटक पदार्थ, पोषणमूल्यांचा तक्ता, निव्वळ वजन तेच आहे का? किमतीचंही बघ. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुन्या फाइलमधली एमआरपी जशीच्या तशी उचलली तर घोटाळा. हा सगळा मजकूर त्यांनी स्वतः टाइप करून ईमेलने पाठवायचा, आणि छपाईला जाण्याआधी शेवटच्या पीडीएफवर ‘तपासलं, बरोबर आहे’ असं त्यांच्याकडून लेखी यायला हवं. लेबल चुकलं तर हजारो पाऊच रद्दीत जातात आणि त्या दिवशी प्रत्येक जण डिझायनरकडेच बघतो.

दर आजचा लाव. जुना दर त्यांच्या लक्षात असेल, ‘मागच्या वेळी नऊ हजार घेतले होतेस’ म्हणतील. म्हणू दे. ‘हो, तो तेव्हाचा दर होता’ एवढं पुरे, कारणं देत बसू नकोस. राग काढायला दुप्पटही सांगू नकोस. इतर गिऱ्हाइकांना आज जो सांगतेस तोच सांग. अ‍ॅडव्हान्स मात्र यांच्याकडून निम्मा घे आणि उरलेले पैसे छपाईची फाइल देण्याआधी. जे गिऱ्हाईक वेळेवर पैसे देत आलंय त्याला मी इतकी अट घातली नसती. यांनी ती स्वतःवर ओढवून घेतली आहे, आणि तसं बोलून दाखवायचीही गरज नाही.

फोन झालाच, तर ठेवल्यावर दहा मिनिटांत ‘आत्ता ठरल्याप्रमाणे’ म्हणून चार ओळींचा मेसेज टाक. फोनवर माणूस विरघळतो. तूही विरघळशील, तुझ्या पत्राचा स्वरच तसा आहे.

हे काम घ्यायच्या आधी आणखी एक कर, यांच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून टाक. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते, फी लागत नाही. कुणी एजंट पैसे मागत असेल तर तो दुसऱ्याच साइटवर आहे असं समज. तू एकटी घरातून डिझाइनची सेवा देतेस, तरी सूक्ष्म उद्योगात बसतेस. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार सरकारी पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, करता येते. शिवाय २०२३ च्या अर्थसंकल्पाने अशी तरतूद आणली की या मुदतीत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला ती रक्कम खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे बिलावर उद्यम नंबर दिसला की त्यांचा सीए स्वतःच त्यांच्या मागे लागतो. जुन्या १८,००० साठी या नोंदणीवर विसंबू नको, ते काम नोंदणीच्या आधीचं आहे. नव्या पाऊचच्या कोटेशनवर मात्र तो नंबर असलाच पाहिजे.

आई आणि भाऊ दोघंही तुझ्या काळजीपोटी बोलतायत. आईचं मला पटतं ते एवढंच की दार लावून घेऊ नये. पण जुने १८,००० दिल्याशिवाय आलेलं काम ही लक्ष्मी कशी? ते नवं देणं आहे, तेही तुझ्याच खिशातून. आणि भावाचं ऐकून आज ब्लॉक केलंस तर ते पैसे मागायची एकमेव चांगली संधी तूच हातची घालवशील. ब्लॉक करायचंच असेल तर पैसे आल्यावर कर. काम कर किंवा करू नको, ते तेव्हा शांतपणे ठरव.

आणि तुझ्या मेसेजनंतर पुन्हा निळे टिक आणि शांतता आली, किंवा ‘ते जुनं सोड ना’ असं उत्तर आलं, तर नवं काम घ्यायचं नाही. इथे मला अजिबात शंका नाही, कितीही गरज असली तरी. दिवाळीच्या दिवसांत दोन पाऊचची जागा दुसरं कुणीही भरेल. मग आठ दिवसांची मुदत देणारा एक सभ्य ईमेल, त्यानंतर नोटीस. नोटिशीच्या खर्चाला घाबरू नकोस. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो, आणि दावा लावण्याआधी लोक अदालतीत तडजोडीचा मार्गही तिथूनच खुला होतो. तीन वर्षांतले चौदा महिन्यांहून जास्त गेलेत, पण हातात अजून पुरेसा वेळ आहे. गोष्ट तिथपर्यंत गेलीच तर बिलाची तारीख, चॅट आणि २६एएसचं पान सोबत घेऊन मला पुन्हा लिही, नोटिशीत काय असावं ते आपण नीट बघू.

— ताई